कायद्यात बसतं!

आयुष्यात मी एकंदर तीन वेळा जुगार खेळलो. पहिल्यांदा सोलापुरात, सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, रिंग फेकून साबणाची वडी जिंकायला. त्यात चार आणे गेले. दुसऱ्यांदा बोहल्यावर चढलो तेव्हा. त्याचा निकाल इथं जाहीर करता येत नाही, कारण माझं लिखाण आधी घरात तपासलं जातं. आणि तिसऱ्यांदा, निवृत्त झाल्यावर कुंभारीला प्लॉट घेतला तेव्हा. 'अक्कलकोट रोडला, शहरापासून हाकेच्या अंतरावर' असं दलालानं सांगितलं होतं. दलालाचा आवाज फारच दांडगा असला पाहिजे. पण घर झालं, दारातला कडुलिंब वाढला, आणि बायकोनं 'इथं भाजी शहरापेक्षा स्वस्त आहे' असा शोध लावल्यावर तो डावही मी जिंकल्यात जमा झाला.

एवढ्या तुटपुंज्या अनुभवावर जुगाराबद्दल लिहावं का, असा प्रश्न कुणी विचारील. त्यावर माझं उत्तर असं की मी चौतीस वर्षं बँकेत होतो. जुगार खेळणारा माणूस जुगाराबद्दल फारसं काही सांगू शकत नाही. तो बिचारा आकड्यात असतो. जुगाराचा खरा अभ्यास व्हाउचर पास करणाऱ्यानं करावा. दोन सह्या आहेत? आहेत. शिक्का आहे? आहे. मग पैसे कुठं चालले, कशाला चालले, हे विचारायची आम्हाला मुभा नसे आणि खरं सांगायचं तर हौसही नसे. 'कायद्यात बसतं ना? मग सोडा.' हे वाक्य मी चौतीस वर्षांत इतक्या वेळा उच्चारलं की निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात ते माझं घोषवाक्य म्हणून सांगितलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा भरून आलं होतं.

आता कुंभारी म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. इथं विडी कामगार बायकांची मोठी घरकुलं आहेत. गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते तिच्यासाठी. पुढं रे नगर झालं, त्याच्या पहिल्या पंधरा हजार घरांसाठी जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी येऊन गेले. दोन पंतप्रधान पाहिलेलं गाव आहे आमचं. पुण्यातल्या कित्येक पेठांना हे भाग्य नाही. दुपारच्या वेळी वसाहतीतून गेलात तर उंबऱ्याउंबऱ्यावर मांडीत सूप घेऊन बायका बसलेल्या दिसतील. तेलुगूत गप्पा, मराठीत भांडण, आणि हात आपले तेंदूच्या पानावर चालूच. हजार विड्या वळायच्या, मोजून द्यायच्या, आणि त्यातल्या न पटलेल्या बाजूला निघाल्या की त्यांच्यावर पाणी सोडायचं.

ह्या बायकांत माझी एक वेगळीच प्रॅक्टिस चालते. बँकवाले सर म्हणून त्या कागद घेऊन येतात. विजेचं बिल, फंडाचा फॉर्म, शाळेची नोटीस. मी चष्मा लावतो, वाचतो, आणि निकाल देतो. फी एक कप चहा, तीही आमच्याच घरातल्या दुधाची.

अशाच एक अक्का. नाव नको, कारण त्या हे वाचणार नाहीत पण त्यांची शेजारीण वाचेल. त्यांची माझी ओळख झाली ती नवऱ्याच्या केसमुळं. नवरा मटक्याची चिठ्ठी लावताना सापडला होता. पंचनाम्याची नक्कल माझ्यापुढं ठेवून त्या म्हणाल्या, "सर, बघा की, काय लिवलंय." लिहिलं होतं ते असं: रोख रुपये ३४०, आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि एक निळ्या शाईचं बॉलपेन, एवढा मुद्देमाल जप्त. मला त्या बॉलपेनची फार दया आली. गुन्हा १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याखाली. म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली त्या साली केलेला कायदा आमच्या कुंभारीच्या पानटपरीपर्यंत अजून येऊन पोचतो. आपल्या एसटीलासुद्धा हे जमत नाही.

गावाचं नाव कुंभारी आणि नवरा सापडला मटक्यात, ह्या योगायोगावर एक कोटी मला सुचली होती. अक्कांचा चेहरा पाहून ती गिळली. ती इथं वापरून टाकली, एवढंच. मटक्याचा इतिहास मात्र मला पाठ आहे. पूर्वी मुंबईचे शौकीन न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होत्या भावावर पैसे लावायचे. ओपन, क्लोज हे शब्द तिथले. ते भाव यायचे थांबले तेव्हा खेळणाऱ्यांची पंचाईत झाली. मग १९६२ साली कल्याणजी भगत आणि १९६४ साली रतन खत्री ह्यांनी आपापला आकडा काढायला सुरुवात केली. म्हणजे मुळात आकडे परदेशी होते, ते स्वदेशी केले. मडक्यात चिठ्ठ्या, पुढं पत्ते. एका आकड्याला रुपयाला नऊ रुपये. आकडे दहा. शाळेतल्या पोरालाही कळेल की रुपयामागं दहा पैसे धनी खातो. हिशेब इतका उघडा आहे की त्यात फसवणूक म्हणावी अशी फटच नाही, आणि तरीही माणसं बुडतात. तिथं पावती नसते, करार नसतो, कोर्टात जायची सोय नसते. पण लागलेला आकडा चिठ्ठीवाला संध्याकाळी हातावर मोजून देतो. न देईल तर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडं कुत्रं फिरकणार नाही. आमच्या बँकेत एका विधवेच्या ठेवीचे पैसे द्यायला आम्ही सात महिने लावले होते. सगळं कायद्यात बसत होतं.

आणि हे १९६९ साली आपल्या सरकारच्याही लक्षात आलं असावं. लोक बेकायदा आकडा लावतात, तर आपणच कायदेशीर का काढू नये, म्हणून महाराष्ट्र राज्याची लॉटरी निघाली. दिवाळीचं तिकीट मी वर्षानुवर्षं घेत आलो. देव्हाऱ्यात दत्ताच्या तसबिरीमागं ते ठेवायची आमच्याकडं पद्धत होती. निकालाच्या दिवशी मी हात धुऊन पेपर उघडायचा आणि हिनं श्वास रोखायचा. एकदा दहा रुपये लागले. पण गंमत पाहा: अक्कांचा नवरा आकडा लावतो तेव्हा तो 'जुगारी', आणि मी तिकीट घेतो तेव्हा मी राज्याच्या विकासाला हातभार लावणारा नागरिक. फरक एवढाच की माझ्या चिठ्ठीवर सही छापलेली असते.

नवऱ्याची केस दंडावर मिटली. खरी गोष्ट त्यानंतरची आहे.

२०२३ च्या दिवाळीनंतर अक्का पुन्हा आल्या. ह्या वेळी कागद नव्हता, फोन होता. थोरला मुलगा चादरीच्या कारखान्यात कामाला. तो रात्री फोनवर पत्ते खेळतो, पैसे लावून. त्यांना नवऱ्याचं आठवलं असणार. मला त्या एवढंच म्हणाल्या, "सर, हे मटक्यातलं हाय का? पोलीस धरतील का? का कायद्यात बसतंय?"

आता असा प्रश्न मला कुणी विचारला की मी फुलतो. मी चष्मा पुसला आणि अक्कांना, त्यांच्या मांडीवरच्या नातीला आणि पलीकडं वाटाणे सोलणाऱ्या माझ्या बायकोला एकत्रितपणे व्याख्यान दिलं. १९५७ साली सुप्रीम कोर्टानं चमारबागवाला खटल्यात ठरवलं की जुगार हा मुळी धंदाच नव्हे; तो करण्याचा कुणाला हक्क नाही. तो खटला होता बंगळूरच्या एका साप्ताहिकातल्या बक्षिसी शब्दकोड्यांचा. पण नुसत्या नशिबाचा खेळ वेगळा आणि कौशल्याचा वेगळा. १९६७ साली त्याच कोर्टानं सांगितलं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, हात जुळवावा लागतो. आणि आपल्या जुगाराच्या कायद्यानं कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत. शिवाय ऑक्टोबर २०२३ पासून सरकार भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी घेतं. सरकार जिथं कर घेतं तिथं पोलीस कशाला जाईल?

"म्हंजे?" अक्का म्हणाल्या.

"म्हणजे कायद्यात बसतं. काळजी करू नका."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला स्पष्ट आठवतो. त्या दिवशीचा चहा मला नेहमीपेक्षा गोड लागला होता.

पुढच्या पावसाळ्यात कळलं की बेचाळीस हजार गेले. धाकटीच्या लग्नासाठी साठवलेले. मुलाच्याच खात्यात ठेवले होते, कारण त्याला फोनवरून व्यवहार करता यायचे. पोरगं घरात तोंड दाखवीना. अक्का माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमी म्हनला होता की सर, कायद्यात बसतंय. म्हून मी पोराला काय बोलले न्हाई."

मी रात्री १९६७ चा तो निकाल पुन्हा काढून वाचला. माझ्यासारख्या निवृत्त माणसाकडं असली कात्रणं फाईल करून ठेवलेली असतात. पानं लक्षात ठेवावी लागतात, हात जुळवावा लागतो, हे सगळं त्यात आहेच. पण थोडं पुढं आणखी एक वाक्य आहे: खेळवणारा मालक जर त्या खेळावर नफा काढत असेल तर मात्र गुन्हा सिद्ध होऊ शकतो. ते मी पूर्वी वाचलं होतं. त्याखाली पेन्सिलीची रेघही माझीच होती. सांगताना मात्र अर्धाच निकाल सांगितला, कारण उरलेला अर्धा सांगितला असता तर 'बसतं' असं ठणकावून म्हणता आलं नसतं.

डिसेंबरात माझा भाचा आला. तो टोरांटोला असतो. तिकडं काय करतोस, असं इतकी वर्षं विचारलं की 'कंप्लायन्स' म्हणायचा. मला वाटायचं पचनाचं काहीतरी औषध असेल. ह्या खेपेला उलगडा झाला की तो एका जुगाराच्या कंपनीत कायदा पाळण्याच्या खात्यात आहे. आमच्या घराण्यातला पहिला माणूस जुगारात नोकरीला लागला, आणि तोही कायदा पाळायला! बहिणीनं ही गोष्ट नातेवाइकांपासून का लपवली ते कळलं.

मी त्याला गच्चीवर नेऊन सगळं विचारून घेतलं. कॅनडातही जुगार हा मुळात गुन्हाच, दंडविधानातच आहे. पण प्रांताच्या सरकारनं स्वतः चालवला तर नाही. आणि ह्यासाठी कायदा बदलला तोही १९६९ साली! एकाच वर्षी पृथ्वीच्या दोन टोकांना दोन सरकारांना एकच साक्षात्कार झाला. पुढं २०२१ मध्ये एकेका सामन्यावर पैसे लावायलाही मोकळीक मिळाली. आँटारिओ प्रांतानं ४ एप्रिल २०२२ पासून खाजगी कंपन्यांना फोनवरचे खेळ उघडे केले, पण कायद्याच्या नजरेत खेळ चालवणारं प्रांताचं महामंडळच. कंपन्या त्याच्या वतीनं काम करणाऱ्या.

"म्हणजे बुकी सरकार," मी म्हटलं, "आणि तुझी कंपनी चिठ्ठीवाली."

"मामा, हळू बोला," तो म्हणाला. कुंभारीच्या गच्चीवर आँटारिओचं कोण ऐकणार होतं कोण जाणे.

पण पोरगा प्रामाणिक. त्यांचे नियम ऐकून मी चकित झालो. एकोणीस वर्षांखालच्याला खेळवायचं नाही. खेळणाऱ्याची लक्षणं पाहायची. पहाटे पहाटे पैसे भरतोय, हरलेलं भरून काढायला धावतोय, तर हस्तक्षेप करायचा. २०२४ च्या फेब्रुवारीअखेरपासून खेळाडूंनी जाहिरातीत येऊन 'खेळा' म्हणायला बंदी. (आपल्याकडं क्रिकेटवाल्यांनी हे ऐकलं असतं तर उपाशी मेले असते.) आणि कॅसिनोत दहा हजार डॉलर किंवा त्याहून जास्त रोख आली की सरकारला कळवायचं. ब्रिटिश कोलंबियात तर वीस-वीस डॉलरच्या नोटांनी भरलेल्या हॉकीच्या थैल्या घेऊन लोक कॅसिनोत यायचे. त्यावर न्यायमूर्ती कलन ह्यांचा आयोग बसला, २०२२ मध्ये अहवाल आला. त्यातली खरी मौज अशी की वर्षानुवर्षं फॉर्म भरले जात होते. थैली आली की फॉर्म भरायचा, वर पाठवायचा, आणि थैली ठेवून घ्यायची.

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. व्हाउचर, दोन सह्या, शिक्का.

मग त्यानं आपल्या खात्याचा तक्ता दाखवला. धोक्याचा तक्ता. चौकोन आखलेले; काही हिरवे, काही पिवळे, काही लाल. परवाना जाण्याचा धोका लाल. दंड होण्याचा धोका लाल. पेपरात नाव येण्याचा धोका पिवळा. मी चष्मा लावून दोनदा वाचला.

"ह्यात खेळणारा कुठाय?"

"हा काय," त्यानं एका चौकोनावर बोट ठेवलं. 'ग्राहकाची हानी वेळेत न ओळखल्यास नियामकाकडून कारवाई.'

"हा धोका कंपनीचा झाला. बेचाळीस हजार गेले त्याचा चौकोन कुठला?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, मी गेल्या वर्षी एका माणसाचं खातं बंद करायला लावलं. साहेबांशी भांडून. तो कुठल्या चौकोनात बसत नव्हता." आणि एवढं बोलून तो खाली चहाला गेला. त्याच्याबद्दल माझं मत चांगलं झालं. शिवाय त्यांच्याकडं नोकरांना आपल्याच कंपनीत खेळायला मनाई आहे म्हणे. जो हलवाई स्वतःची मिठाई खात नाही त्याच्या दुकानात आपण का जावं, हे मी त्याला विचारणार होतो. पण पाहुणा होता.

आपल्याकडच्या जाहिरातीतही डिसेंबर २०२० पासून इशारा असे. बाई गोड हसून खेळायला बोलावत, आणि मग एक पुरुष अक्कलकोट गाडी सुटल्यासारख्या घाईनं सांगे की ह्यात आर्थिक धोका आहे, सवय लागू शकते, स्वतःच्या जबाबदारीवर खेळा. त्यातलं 'स्वतःच्या' हे कुणाच्या, हे मला तेव्हा कधी सुचलं नाही.

त्या रात्री मला द्यूतसभा आठवली. द्रौपदीनं सभेला विचारलेला प्रश्नसुद्धा पाहिला तर कायद्याचाच होता: आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा अधिकार उरतो का? भीष्म म्हणाले, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला नक्की सांगता येत नाही. लहानपणी मला भीष्मांचा फार राग यायचा. एवढा मोठा माणूस आणि उत्तर येत नाही! आता वाटतं, निदान ते 'बसतं, काळजी करू नकोस' असं तरी म्हणाले नाहीत. मी त्या सभेत असतो तर तीन निकाल आणि एक कलम सांगून मोकळा झालो असतो.

बरं, कायदा म्हणजे तरी काळ्या दगडावरची रेघ असावी! आपल्या राज्यानं १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला, परवाने काय, कर काय, सगळं लिहून; आणि तो अंमलात आणायचाच राहिला. सत्तेचाळीस वर्षं तसाच पडून होता, शेवटी २०२३ मध्ये रद्द केला. त्याच १९७६ च्या गोव्याच्या कायद्यात पुढं दुरुस्त्या झाल्या आणि मांडवीत जहाजं उभी राहिली. म्हणजे बांद्याच्या अलीकडं जे पाप, ते पलीकडं पर्यटन. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं दोन दिवसांत पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि कंपन्यांनी भराभर पैशांचे डाव बंद केले. कौशल्य असो की नशीब, सगळं एका दावणीला. माझं कात्रण एका आठवड्यात रद्दीत गेलं.

ती बातमी अक्कांपर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी दारात उभ्या. चेहरा उजळलेला.

"सर, बंद केलं म्हनं सरकारनं. बेकायदा झालं म्हनं."

"हो."

"मग आमचं पैशे परत येनार का?"

मी सांगितलं की नाही. गेले तेव्हा ते कायद्यात बसत होतं.

अक्कांनी बराच वेळ कडुलिंबाकडं पाहिलं. त्यांची बोटं पदराच्या टोकाशी चाळा करत होती. नीट पाहिलं तेव्हा कळलं, त्या पदर वळत होत्या, पान वळतात तसा. बेचाळीस हजारांच्या विड्या किती, हा भागाकार त्यांना माझ्यापेक्षा लवकर येतो.

मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. धाकटीच्या लग्नासाठी कुठल्या तरी फायनान्सचं कर्ज मिळतंय, गटातल्या बायका घेतायत; सही करायची खूण केलेली आहे.

"हे बघा की सर. कायद्यात बसतंय का?"

मी कागद घेतला. पहिल्या पानावरच नोंदणी क्रमांक होता, शिक्का होता, सगळं जागच्या जागी होतं. मी म्हटलं, "अक्का, बसा. ह्याला वेळ लागेल." आणि हिला हाक मारून चहा टाकायला सांगितला, ह्या वेळी दोनदा.